बाळंतिणीच्या ताटाबद्दल, घरातल्या मोठ्या बायांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या गावोगावच्या सासूबाई, माहेरच्या आया, आज्या आणि मोठ्या जाऊबाई यांस,

सप्रेम नमस्कार.

बाळंतिणीने काय खावं हे दवाखान्यात डॉक्टर सांगतात, घरी येऊन आशाताई सांगतात, अंगणवाडीच्या भिंतीवर तर रंगवलेलंच असतं. पण ताट वाढलं जातं ते तुमच्या हातून. सव्वा महिना त्या पोरीला चुलीपाशी जायची मुभा नसते. तिला कोणती भाजी मिळेल, किती भाकरी मिळतील, पाणी किती वेळा मिळेल, हे तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

आम्ही बाळंतिणीचा आहार आणि तान्ह्या बाळाची वाढ या कामातल्या बाया. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: बाळंतिणीच्या ताटातून जिन्नस कमी करू नका, त्यात भर घाला. आणि बाळ अंग धरत नसेल तर वरचं दूध सुरू करायच्या आधी बाळ पितं कसं, आई खाते काय आणि वजन नीट झालं होतं का, हे पाहा.

तुमच्या रीतीतलं पुष्कळ काही चांगलं आहे. सव्वा महिन्याची विश्रांती, तेल लावून अंग चोळून देणं, डिंकाचे लाडू, रात्री कुणीतरी सोबतीला झोपणं, यातलं काहीही सोडू नका. अडचण आहे ती फक्त पथ्यात.

आधी दूध कसं बनतं ते सांगतो. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. आई एक वेळ उपाशी राहिली तरी दूध आटत नाही, आणि साध्या जेवणावरही त्यातलं प्रथिन, कॅल्शियम, लोह फारसं कमी होत नाही. कारण आईचं शरीर स्वतःच्या साठ्यातून बाळाला देतं. रोज जवळपास २०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधातून जातं. ताटात नसलं तर ते हाडांतून निघतं. बाळ गुटगुटीत आणि आई मात्र हातापायाच्या काड्या, कंबरदुखी, चक्कर, हे चित्र गावात दिसतं ते यामुळे. तेव्हा ‘हिचं दूध पातळ आहे’ हे सहसा खरं नसतं. आईचं दूध दिसायला निळसर-पातळच असतं, म्हशीच्या दुधाशी त्याची तुलना करायची नसते.

पण काही गोष्टी अशा आहेत की त्या आईच्या पोटात गेल्या तरच दुधात उतरतात. बी-१, बी-२ आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं, ‘अ’ जीवनसत्त्व आणि आयोडीन. दुधातली चरबी कोणत्या जातीची असेल हेही आई कोणतं तेल, कोणती मासोळी खाते यावर ठरतं. ताट कापलं की यांचाच तुटवडा बाळापर्यंत पोचतो, आणि तो वजनकाट्यावर लगेच दिसत नाही.

आता पथ्याकडे येऊ. बारशापर्यंत नुसता मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी. डाळ नको, वातूळ. हरभरा नको, वांगं नको, बाळाच्या पोटात गुबारा धरतो. केळी, दही, ताक, पेरू, संत्रं नको, बाळाला सर्दी होते. पाणी बेताने, नाहीतर पोट सुटतं. घरोघरी थोडाफार फरक असतो, पण यादी हीच.

आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. आईने तुरीचं वरण खाल्लं म्हणून बाळाचं पोट फुगत नाही. बाळ संध्याकाळी रडतं ते बहुतेक वेळा वयाचं रडणं असतं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. नेमकं त्याच सुमारास आईने काहीतरी नवीन खाल्लेलं असतं आणि दोष त्या जिनसेवर जातो. लसणाचा, मसाल्याचा वास दुधाला थोडा येतो, बाळाला त्याचा त्रास नसतो. क्वचित एखाद्या बाळाला आईने प्यायलेल्या गाई-म्हशीच्या दुधाची ॲलर्जी असते. तेव्हा शौचात शेंब आणि रक्त दिसतं. तसं दिसलं तर दवाखाना. नुसतं रडतं म्हणून आईचं दूध-दही बंद करू नका.

सर्दी होते ती घरातल्या शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाकडून. बाळ बघायला येणाऱ्यांना हात धुवायला लावा, आणि बाजेखालची शेगडी व धुरी बंद करा. बंद खोलीत शेपा-ओव्याचा धूर बाळाच्या छातीत जातो. आईच्या ताटातलं केळं बाळाला काही करत नाही.

पाणी तोडण्याने तर दुहेरी नुकसान होतं. दुधातून पाऊण लिटर पाणी रोज बाहेर जातं, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. आईला बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळ होते, डोकं दुखतं. जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढतं असंही नाही. तहान लागेल तेवढं प्यायचं. प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या ठेवा, एवढं पुरतं.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात एक वेगळा धोका आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात बी-१ जीवनसत्त्व फार थोडं उरतं. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतला आणि शिजवून पेज काढून टाकली की तेही जातं. महिनाभर नुसत्या अशा भातावर ठेवलेल्या आईच्या दुधात बी-१ कमी पडू शकतं. त्याचा आजार बाळाला दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात धरतो: रडताना आवाज घोगरा होतो किंवा फुटतच नाही, ओकाऱ्या होतात, दम लागतो, आणि हृदयावर ताण येऊन बाळ काही तासांत अत्यवस्थ होतं. वेळेत बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर तेवढ्याच झपाट्याने सुधारतं. टाळायला सोपं आहे. उकडा तांदूळ वापरा, पेज फेकू नका, भाताबरोबर रोज घट्ट डाळ आणि मूठभर शेंगदाणे द्या. डाळ मात्र लाखोळीची रोज नको. तूर, मूग, मसूर, बरबटी चालेल.

आता किती वाढायचं ते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने बाळंतिणीला नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिन जास्त लागतं. सहा महिन्यांनंतर, बाळ वर्षाचं होईपर्यंत, ५२० कॅलरी. हे आकडे ताटात असे दिसतात: ज्वारीची एक जास्तीची भाकर (६० ग्रॅम पिठाची), घट्ट तुरीच्या वरणाची एक जास्तीची वाटी (३० ग्रॅम कोरडी डाळ), ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, एक अंडं, चमचाभर तेल किंवा तूप आणि २० ग्रॅम गूळ. एवढ्यात ६०० च्या थोड्या वर कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन होतं. अंडं चालत नसेल तिथे पेलाभर दूध. यात महाग म्हणावं असं काही नाही. तूर आपल्याच शेतात पिकते, पण घरात राहते किती? विकायच्या आधी बाळंतिणीच्या सहा महिन्यांची डाळ बाजूला काढून ठेवा. दिवसाला ६० ग्रॅम धरले तर ११ किलो पुरते.

हे सगळं दोन जेवणांत बसत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईचं पोट रात्री दोन वाजताही भुकेने जागं होतं. सकाळी भाकर आणि चून किंवा पोह्यात भरपूर दाणे. दुपारी भाकर, वरण, भात, पालेभाजी. चार-पाचच्या सुमाराला लाडू किंवा गूळ-दाणे आणि दूध. रात्री पुन्हा पूर्ण जेवण. आणि उशाशी डब्यात दोन लाडू नाहीतर भाजलेले हरभरे. बाळंतीण सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल तर यातलं काही उरत नाही. तिला आधी वाढा. अंगणवाडीचं आहाराचं पाकीट घरात आलं की तेही सगळ्यांत वाटलं जातं. ते तिच्या एकटीच्या नावाचं आहे, तिच्याच ताटात जावं. मेळघाटात, गडचिरोलीत आणि इतर अनुसूचित क्षेत्रांतल्या गावांत अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते जेवली म्हणून घरचं जेवण चुकवायचं नाही, ते वरचं आहे.

भाज्यांत आपल्याकडे दारिद्र्य नाही. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून, शेवग्याचा पाला बारमाही. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा भरपूर साठा. पाला देठ काढून, चिरून, तुरीच्या डाळीतच शिजवा, वरून लसणाची फोडणी द्या. डाळ, पाला, तेल एकाच वाटीत आलं की काम झालं. जवसाची आणि तिळाची चटणी हा विदर्भाचा खरा ठेवा आहे. दोन चमचे तिळात १०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, आणि जवसात बाळाच्या मेंदूला लागणाऱ्या चरबीचा कच्चा माल. दोन्ही भाजून चांगले कुटायचे. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. मासोळी चालणाऱ्या घरांत तलावातल्या बारीक मासोळ्या काट्यासकट खाल्ल्या तर कॅल्शियम, बी-१२ आणि चांगली चरबी तिन्ही मिळतात. बाळंतिणीला मासोळी वर्ज्य करणाऱ्या गावांनी हे नक्की ऐकावं.

मीठ आयोडीनचंच वापरा. हल्ली सैंधव चांगलं म्हणून आणतात. त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि बाळाची मेंदूची वाढ आईच्या दुधातल्या आयोडीनवर चाललेली असते.

डिंकाच्या लाडवाबद्दल दोन शब्द. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी, हलीम, गूळ, तूप, हा खुराक उत्तम आहे. फक्त डिंक तुपात फुलवताना तूप मध्यम तापलेलं असावं आणि डिंक थोडाथोडा टाकावा. एकदम टाकला की बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा राहतो, दाताला चिकटतो आणि पोटात जड जातो. गोडंबी सोललेली, बिब्ब्याचं तेल न लागलेली घ्या, नाहीतर तोंड उततं. दिवसाला मध्यम आकाराचे दोन लाडू पुरेत. चार-पाच लाडू खाऊन तिची भूक मरते, भाकर-वरण मागे राहतं, आणि लाडवात तूप-गूळ भरपूर असला तरी डाळीची, पालेभाजीची, अंड्याची जागा तो घेत नाही. लाडवात पावशेर भाजलेल्या शेंगदाण्यांचं आणि तिळाचं कूट मिसळलं तर तोच लाडू दुप्पट कामाचा होतो.

बी-१२ वर आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण यातली चूक सगळ्यात उशिरा कळते. हे जीवनसत्त्व फक्त दूध, दही, अंडी, मासोळी, मटण यांतून मिळतं. भाकरीत, डाळीत, भाजीत, फळात ते नाही. चहात घातलेलं दोन चमचे दूध किंवा पाण्यासारखं ताक यातून पुरेसं मिळत नाही. दूध डेअरीला जातं, अंडी घरात येत नाहीत, अशा घरातली आई वरून धडधाकट दिसते, पण तिच्या दुधात बी-१२ फार थोडं असतं. बाळ पहिले चार-पाच महिने छान वाढतं, कधी कधी गुटगुटीतही असतं. मग हळूहळू मंदावतं. हसायचं कमी होतं, ओळखीच्या माणसाकडे बघत नाही, मान धरलेली सुटते, बसायला लागलेलं बसेनासं होतं. अंग फिकट पडतं, केस विरळ आणि भुरे होतात, बोटांच्या सांध्यांवर कातडी काळी पडते, आणि पुढे हात-पाय-डोकं थरथरायला लागतं. घरचे म्हणतात, शांत बाळ आहे, त्रास देत नाही. सहा महिन्यांचं बाळ इतकं शांत असणं हे दुखणं आहे. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बी-१२ दिलं की बाळ काही दिवसांत टवटवीत होतं, पण उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीत राहिलेली कसर पूर्ण भरून निघेलच असं नसतं.

म्हणून: रोज दोन पेले दूध किंवा दोन वाट्या दही, आणि चालत असेल तर अंडं. माळकरी किंवा महानुभाव घरांना कुणी अंडं-मटण खायला सांगत नाही. तिथे दूध वाढवा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बी-१२ ची गोळी मागा. ही गोळी जिवाणूंच्या आंबवण्यातून तयार होते, प्राण्यापासून नाही; कॅप्सूलचं वेष्टण मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी असं स्पष्ट सांगून घ्या. दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल लोहाच्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. ती चालू आहे म्हणजे बी-१२ चं भागलं, असं नाही.

लोहाची ती गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन वेळा, तीही १८० दिवस. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर द्या, लोह त्यापासून दोन तास दूर, लिंबूपाण्याबरोबर. चहा लोहाच्या गोळीजवळ किंवा जेवणाजवळ नको, तासाभराचं अंतर ठेवा. शौच काळी होते, ते रक्त नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना द्या, बंद करू नका.

आता दुसरी गोष्ट: बाळ पितं कसं. ‘दूध उतरत नाही’ अशी तक्रार आली की घरात बाळंतशोपा, खसखस, शतावरी सुरू होतं आणि चार दिवसांत डब्याचं दूध. दूध बनतं ते स्तन रिकामा होण्यावर. जेवढं निघेल तेवढं नवीन बनतं. एक बाटली वरचं दूध दिलं की बाळ तेवढं कमी ओढतं, तेवढं पुढचं दूध कमी बनतं, आणि दोन आठवड्यांत खरोखरच दूध कमी होतं.

जवळ बसून नीट पाहा. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नाही. तोंड मोठं उघडलेलं, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. गाल फुगीर; गालाला खळी पडत असेल किंवा चटचट आवाज येत असेल तर पकड चुकली आहे. दोन-तीन चोखण्यांनंतर गिळल्याचा आवाज यायला हवा. बोंडाला चिरा पडल्या, दुखतंय, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं: बाळ नुसतं बोंड ओढतं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. बाळाचं डोकं मागून दाबू नका, ते उलट मागे रेटतं. मानेच्या खाली, खांद्यांना आधार द्या. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी, कारण शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा, त्यात रात्री दोन-तीन वेळा नक्की. बाळाला दूध पुरतं की नाही हे लघवीवरून कळतं: पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, पाण्यासारखी फिकट.

पहिला चीक काढून टाकू नका. मध, साखरपाणी, गुटी, ग्राईप वॉटर, शेळीचं दूध, काहीही नको. सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नको, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. ऊन वाढलं की बाळ थोडंथोडं पण जास्त वेळा मागतं, तसं पाजा. चमचाभर पाण्याने छोटं पोट भरतं, तेवढं दूध कमी जातं, आणि पाणी दूषित असलं तर जुलाब. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात पुरेसं नसतं; ४०० युनिटचे थेंब वर्षभर रोज, डॉक्टरांना विचारून. जन्मतः अडीच किलोच्या आत असलेल्या बाळाला लोहाचे थेंबही लवकर लागतात, तेही विचारा.

सव्वा महिना झाला की निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी, रोवणी, मोहफुलं. मजुरी बुडवणं परवडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. बाई सकाळी आठला जाऊन दोनला येत असेल तर जाण्याआधी आणि आल्याबरोबर पाजायचं, आणि मधल्या वेळेसाठी हाताने दूध काढून ठेवायचं. हात धुऊन, अंगठा आणि दोन बोटं काळ्या भागाच्या काठावर ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची; बोंड ओढायचं नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून ठेवा. साधारण २५ अंशांच्या खोलीत ते चार तास टिकतं, पण उन्हाळ्यात आपलं घर तेवढं थंड नसतं. तेव्हा फ्रिजमध्ये ठेवा, तिथे २४ तास टिकतं. फ्रिज नसेल तर बाळालाच धुऱ्यावरच्या सावलीत नेणं बरं. वाटी-चमच्याने पाजा, बाटलीने नाही.

आणि खर्रा. बाळंतिणीच्या हातात खर्रा, तंबाखू किंवा गुडाखू देणाऱ्या घरांना आमची हात जोडून विनंती आहे. निकोटिन दुधात उतरतं, दूध कमी करतं, बाळाची झोप मोडतं, आणि आईची भूक मारतं. मोहाची दारूही ‘अंग भरायला’ म्हणून देऊ नका.

तिसरी गोष्ट वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत रोज २५ ते ३० ग्रॅम, पुढे सहा महिन्यांपर्यंत रोज १५ ते २० ग्रॅम. जन्मतः २ किलो ४०० ग्रॅमचं बाळ सहाव्या आठवड्याला ३ किलो १०० च्या आसपास, दहाव्याला ३ किलो ८००, चौदाव्याला साडेचार किलो असायला हवं. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ग्रॅमच्या खाली वाढ असेल तर माता व बाल संरक्षण कार्डावरचा ठिपका हिरव्या पट्ट्यात असला तरी स्वस्थ बसू नका. रंगापेक्षा रेषेची चढण पाहा.

आशाताई घरी येतात त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळाला जपण्याची ही पद्धत गडचिरोलीतच उभी राहिली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती तिथल्या गावांत सिद्ध केली आणि मग देशाने घेतली. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्याला. मधले सहा-सात आठवडे बाळ कुणाच्या नजरेत नसतं, आणि वरचं दूध नेमकं याच काळात सुरू होतं. त्यावर सोपा उपाय आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लसीकरणाला जाताच. मांडीत सुई द्यायला कपडे काढलेलेच असतात, तेव्हाच वजन मागा.

वजन करताना बाळ उघडं हवं. स्वेटर, टोपरं, दुपटं मिळून पाव किलो सहज होतं, म्हणजे दहा दिवसांची वाढ नुसत्या कपड्यांत. काटा सपाट जागी, आधी शून्यावर. शक्यतो दर वेळी तोच काटा. झुल्याचा स्प्रिंगचा काटा १०० ग्रॅमच्या खुणा दाखवतो, डिजिटल १० ग्रॅमपर्यंत, त्यामुळे एकदा यावर आणि एकदा त्यावर केलेल्या वजनांची तुलना फसवी असते. लांबी मोजायला दोघी लागतात: एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करून तळवे. एकटीने मोजलेली लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चुकते.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न, पण वरणाचं पाणी नाही. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट वरण-भात, वर अर्धा चमचा तेल, बारीक शेंगदाणा कूट, पिकलेलं केळं, अंडं. दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, हळूहळू दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही. आईचं ताट तोवर असंच भरलेलं राहू द्या.

एक काम मात्र या आठवड्यात करण्यासारखं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माहेरच्या अंगणवाडीच्या यादीत बाळ पाहुणं असतं, आणि सासरच्या यादीत ते पोचलेलंच नसतं, म्हणून तीन-चार महिने त्याचं वजनही होत नाही आणि आईचं पाकीटही निघत नाही. माहेरच्या आईने अंगणवाडी सेविकेकडे नाव आजच नोंदवून घ्यावं. सासरी पाठवण्याच्या आदल्या दिवशी वजन करून तारखेसह माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावं, शेजारी लोह-कॅल्शियमच्या किती गोळ्या उरल्या तेही. सासूबाईंनी सून घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात तेच कार्ड घेऊन आपल्या गावच्या अंगणवाडीत जावं आणि तिथल्या काट्यावर पुढचं वजन करून घ्यावं.

आपल्या,
बाळंतिणीचा आहार आणि तान्ह्या बाळाची वाढ या कामातल्या आम्ही बाया